हजार लिटरचा स्किमर आणि भेंडीचं पाणी

"मॅडम, टाकी उतू गेलीया. हातातलं सोडा आन् पहिलं इकडं या."

फोनवर राजारामपुरीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट सुरेखाताई होत्या. मी उचगावात एका बंगल्यात दुसऱ्याच टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. टाकी उतू जायला ती काय दुधाचं पातेलं आहे? मी विचारलं, "पाणी गळतंय का?"

"पाणी न्हाय ओ, फेस! खुर्च्यांखालनं दारापर्यंत आलाय. पेशंटची पोरं त्यात नाचायला लागलीत."

मी हात पुसले आणि निघाले. खाऱ्या पाण्याचे दोन कॅन व्हॅनमध्ये कायम असतात.

माझं काम फिशटँकचं, त्यातही समुद्राच्या टाक्यांचं. समुद्र घाट उतरून पलीकडे असला तरी कोल्हापूरकराच्या हौसेला घाट आडवा येत नाही. झूऑलॉजी शिकले, सहा वर्षं कॉलेजात पोरांची प्रॅक्टिकल्स घेतली, झुरळं कापून कापून वीट आला तेव्हा या धंद्यात पडले. खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, आणि मासे एकत्र सांभाळायचे, त्याला रीफ टँक म्हणतात. दिसायला स्वर्ग, सांभाळायला तान्हं पोर.

फेस म्हटल्यावर मला स्किमरच आठवला. मासे खातात, हगतात, थोडं अन्न उरतं. हे सगळं पाण्यात विरघळतं. ते सडायच्या आत बाहेर काढायचं काम प्रोटीन स्किमर करतो. प्लॅस्टिकचं एक उभं नळकांडं असतं, तळाला पंप. पंप पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटते, तिचा फेस होतो, तो अरुंद गळ्यातून वर चढतो आणि वरच्या कपात गळून पडतो. कपात तपकिरी पाणी साचतं. त्याला असा वास येतो की दुसऱ्यांदा कुणी हुंगत नाही. वास जितका घाण, तितकं काम चोख.

दवाखान्यातला स्किमर महिनाभर असा वासच देत नव्हता. कप कोरडा ठणठणीत. आणि आज एकदम दारापर्यंत फेस? मला हिशेब लागेना.

पोचले तर शांताबाई, म्हणजे तिथल्या सफाईच्या मावशी, वायपरने फेस बाहेर लोटत होत्या. डॉक्टर दारातच उभे. एरवी हा माणूस रडणाऱ्या पोराशी सुद्धा हळू आवाजात बोलतो. त्या दिवशी आवाज चढला होता.

"एक बाई घसरता घसरता वाचली, मॅडम. कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं. आता बास झालं. येत्या रविवारी टाकी काढायची. इचलकरंजीचे एकजण न्यायला तयारच आहेत."

मी टाकीकडे बघितलं आणि त्यांचं ऐकायचं सोडून दिलं. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"पंप कुणी बंद केले?"

"मीच. फेस थांबेना म्हणून मेन स्विचच पाडला."

तीनशे लिटरची टाकी. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही आणि मासे गुदमरतात. डॉक्टरांचं चुकलं असं म्हणणार नाही, घरात कुणीही हेच करेल. मी स्किमरचा प्लग तेवढा काढला, मेन स्विच वर केला, पाणी फिरवणारा पंप चालू केला. वर बॅटरीचा हवेचा पंप सोडला. पाच-दहा मिनिटांत मासे जरा खाली गेले. कोरल मात्र सगळे आवळून बसले होते.

आता मुख्य प्रश्न. पाण्यात काय पडलंय? स्किमर एवढा फेस आपणहून काढत नाही. माझा पहिला संशय साबणावर. फरशी पुसायचं लिक्विड दोन झाकणं जरी आत गेलं तरी टाकीचा निकाल लागतो. मग सगळं पाणी बदलावं लागतं, आणि तरीही मासे वाचतील असं मी लिहून देणार नाही.

"साबण गेलाय का आत?" मी विचारलं.

डॉक्टर शांताबाईंकडे वळले. "मावशी, बादली कुठं विसळलीत? खरं सांगा."

"देवाशप्पथ न्हाय, डॉक्टर. म्या त्या टाकीखालच्या कपाटाला हातबी लावत न्हाय."

"मग फेस आला कुठनं? आकाशातनं पडला?"

शांताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरनं आवाज आला.

"तिला कशाला बोलतोस? म्या घातलंय."

ते आप्पा. डॉक्टरांचे वडील. बिद्रीकडच्या एका खेड्यात त्यांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, आटवून गूळ करायचा. आयुष्यभर आप्पांनी तेच केलं. नुसते मालक नव्हते, स्वतः गुळव्या होते. गूळ कधी झाला, काहील कधी उतरायची, हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. पुढे आसपासचा सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ थंडावलं. आप्पांच्या पत्नी, म्हणजे काकी, गेल्या. डॉक्टरांनी आप्पांना इकडे आणलं. आप्पा आले, पण वर फ्लॅटमध्ये रमले नाहीत. खाली दवाखान्यात टाकीशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. वाळू उकरणाऱ्या माशाला त्यांनी गवंडी नाव ठेवलेलं. माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंबीला न्हावी. इंजेक्शनला घाबरलेली पोरं आप्पांजवळ येऊन न्हावी बघत बसायची. टाकीला खायला घालायचं कामही त्यांचंच होतं.

"काय घातलंत, आप्पा?" मी विचारलं.

"भेंडीचं पाणी."

"काय?"

"भेंडी. ठेचून, पाण्यात कालवून, फडक्यातनं गाळून."

मला राग आवरला नाही. मी त्यांच्यावर ओरडले. वयाचं भान ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही. "आप्पा, ही काय काहील वाटली तुम्हाला? जिवंत प्राणी आहेत आत!"

"वरडू नगंस," आप्पा म्हणाले. "रस उकळाय लागला की भेंडीचं पाणी घालत्यात. चिकट असतंय ते. समदी घाण गोळा करून वर आणतंय. मग झाऱ्यानं मळी काढायची. तुझ्या नळकांड्याचं काम त्येच की. म्हयना झाला, मळी वर येईना. म्हटलं भेंडी दावून बघावी."

"किती घातलं?"

"काहिलीला बादली लागती. ही टाकी काहिलीच्या चौथाईबी न्हाय. अंदाजानं दोन तांबे."

"भेंडी कुठली? फवारलेली?"

"गच्चीवरच्या कुंडीतली. औषिद मारत न्हाय म्या."

"आणि साबण? फिनेल? काहीच नाही?"

"भेंडी म्हणतोय की गं!"

खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मगाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. भेंडी विष नाही. ती पाण्यात सडेल, हवा खाईल, पाणी गढूळ करेल, पण ते निस्तरता येतं. साबण निस्तरता आला नसता.

डॉक्टरांना मात्र काही बरं वाटलं नव्हतं. "आप्पा, किती वेळा सांगितलं, टाकीला हात लावू नका म्हणून!"

मग आप्पांचा पारा चढला. हॉलमध्ये चार पेशंट बसले होते, त्यांची त्यांनी पर्वा केली नाही.

"म्या तरी किती येळा सांगितलं तुमा दोघास्नी? काहील थोरली आन् रस थोडा. मळी धरायची कशी? जुनं नळकांडं ल्हान व्हतं, बक्कळ मळी काढत व्हतं. तू ह्ये हत्तीचं धूड आणलंस. ही बाई म्हणती, नवीन हाय, थांबा. तू म्हणतोस, आप्पा, तुमीच जास्ती खायला घालताय. माझ्या हातातला डबा काढून घेतलास. कुणी ऐकलं माझं?"

आता हा महिना सांगायला हवा, कारण त्यात माझी लाज आहे.

जुन्या स्किमरचा पंप जळाला होता. डॉक्टरांनी नवा ऑनलाइन मागवला. बॉक्सवर लिहिलेलं, हजार लिटरपर्यंत. त्यांनी फोटो पाठवून व्हॉट्सॲपवर विचारलं, 'मॅडम, चालेल ना?' मी तेव्हा कुठल्यातरी टाकीची काच घासत होते. ओल्या बोटाने एक शब्द लिहिला. 'चालेल.' तीनशे लिटरच्या टाकीला हजारचा कशाला, हे विचारलं नाही. आमच्याकडे घ्यायचं तर मोठंच घ्यायचं. गाडी मोठी, गेट मोठं, मंडपातला स्पीकर मोठा. लहान मागितलं तर दुकानदारसुद्धा विचारतो, काय पावणं, घरात भांडण झालं काय? मीही त्याच गावची.

मोठ्या स्किमरमध्ये बिघडतं ते असं. त्याचा गळा रुंद असतो. त्या गळ्यातून फेस वर चढायला भरपूर घाण लागते. आमच्या टाकीत बोटभर लांबीचे पाच मासे. घाण आहे, पण एवढ्या रुंद गळ्याला पुरेल इतकी दाट नाही. फेस अर्ध्यापर्यंत येतो आणि बसतो. कप कोरडा, घाण पाण्यातच. बडा घर, पोकळ वासा!

नवा स्किमर पहिला आठवडाभर नीट चालत नाही, हे खरं आहे. कारखान्यातला तेलकटपणा निघायला वेळ लागतो. म्हणून मी 'थांबा' म्हणाले. आठवड्याचे चार झाले तरी 'थांबा'च म्हणत राहिले. पाणी पिवळट पडलं, दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, कोरल मिटायला लागले. डॉक्टरांना वाटलं आप्पा जास्त खायला घालतात, म्हणून त्यांनी डबा काढून घेतला. खाणं कमी म्हणजे फेस आणखी कमी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आणि ज्या माणसाने उभी हयात फेस बघण्यात घातली, तो रोज टाकीसमोर बसून खरं निदान सांगत होता. मी एमएस्सी. मी त्यांना 'हो आप्पा, बघू आप्पा' म्हणून गप्प बसवलं होतं.

"डॉक्टर, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तुमची कशी? ऑर्डर मी केली."

"तुम्ही मला विचारलंत. मी न बघता 'चालेल' लिहिलं. आप्पांचं बरोबर आहे. स्किमर फार मोठा आहे."

आप्पा उठले, पायात चप्पल सरकवली. "टाकी काढायची तर काढ बाबा. मग मलाबी गावाकडं सोड."

"गावात कोण आहे, आप्पा?"

"हितं तरी कोण हाय? तू दिसभर पेशंटात. सूनबाई बँकेत. नातू पुण्यात. माज्याशी बोलायला ही कपाटाएवढी टाकी हाय, न्हायतर कोण हाय?"

सुरेखाताई उगाचच केसपेपर नीट करायला लागल्या. डॉक्टर पाच वर्षांच्या पोराला घसा दाखव म्हणतात तसं हळू म्हणाले, "बसा आप्पा." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, हॉलमध्ये परत फेस आलेला मला चालणार नाही. हा रविवार सोडा, पुढच्या रविवारपर्यंत टाकी ठिकाणावर आली तर राहील. नाहीतर इचलकरंजीकरांना मी शब्द दिलाय."

गुरुवार होता. म्हणजे दहा दिवस.

पहिलं काम, भेंडी बाहेर काढणं. गंमत बघा, ते हजार लिटरचं धूड तेव्हा पहिल्यांदा कामाला आलं. टाकीत आता घाणच घाण होती. मी कपाला पाइप जोडला, पाइप बादलीत सोडला, बादली टबमध्ये ठेवली आणि स्किमर चालू केला. फेस भसाभसा बादलीत पडायला लागला, हिरवट, तारा सुटणारा. आप्पा बादलीवर वाकून म्हणाले, "हां, आता कसं!" मी त्यांच्याकडे बघितलं तसे परत स्टुलावर जाऊन बसले. दोन दिवस रोज थोडं थोडं पाणी बदललं, घाण शोषणाऱ्या कार्बनची पिशवी टाकली, हवेचा पंप चालूच ठेवला. शनिवारी पाणी निवळलं. मासे सगळे जिवंत. न्हावी एका दगडाखाली दडून बसलेला, तो आप्पांनीच शोधला. एक छोटा कोरल तेवढा गेला.

दुसरं काम, नवा स्किमर निवडणं. डॉक्टर अजून धास्तावलेले होते. "छोटा घ्यायचा? नेटवर सगळे म्हणतात, जेवढा मोठा तेवढा बरा."

"डॉक्टर, बाळाला औषध देताना तुम्ही काय बघता?"

"वजन."

"मग इथंही वजनच बघायचं. टाकीत पाणी किती, मासे किती आणि खाणं किती."

वहीवर मांडलं. टाकी तीनशेची, पण दगड आणि वाळू जागा खातात. खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी असते, स्किमर तिच्यात उभा राहतो, तिचं पाणी धरायचं. सगळं मिळून तीनशेच्या जरा अलीकडेच राहिलं. बॉक्सवरचा आकडा बहुतेक वेळा कमी माशांच्या टाकीसाठी असतो. मासे जास्त असतील तर तो निम्म्यावर आणायचा. आमचे मासे कमी, वाढवायचा विचार नाही. म्हणून चारशे लिटर लिहिलेला, गळा त्या हजारवाल्याच्या जवळपास निम्मा असलेला घ्यायचा ठरला. खालच्या टाकीत पाणी किती खोल आहे, ते मी पट्टीने मोजलं. स्किमर ठरावीक खोलीतच नीट चालतो. पाणी जास्त खोल निघालं म्हणून खाली ॲक्रिलिकचा ठोकळा करून घेतला. यातलं काहीच अवघड नव्हतं. एका फोटोवर 'चालेल' लिहायच्या आधी करायला अर्धा तास लागला असता.

सोमवारी पुण्याहून नवा आला. तेलकटपणा लवकर निघावा म्हणून आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवला, धुतला आणि दुपारी बसवला. डॉक्टरांना सांगून खाण्याचा डबा परत आप्पांच्या हातात दिला. दिवसातून दोनदा, चिमूटभर.

मंगळवारी कप कोरडा. बुधवारी कोरडा. गुरुवारी तळाला चहाच्या पाण्यासारखं काहीतरी, पण ते नुसतंच पाणी. मी दिवसातून चारदा फोन करायला लागले. सुरेखाताई वैतागल्या. "मॅडम, पेशंटचे फोन घेऊ का तुमच्या टाकीचे?" शुक्रवारीही तेच. डॉक्टर दिलेला शब्द मोडणारा माणूस नाही, आणि या वेळी हा स्किमर मी छातीठोकपणे सुचवलेला. तो चालला नसता तर आप्पांना तोंड कसं दाखवणार होते?

शनिवारी दुपारी फोन वाजला. आप्पा.

"पोरी, धरली बघ."

"काय धरली?"

"मळी! काळी, दाट. गळ्यापर्यंत आलीया. कपात बोटभर हाय. वास असला बेक्कार सुटलाय, सुरेखानं तोंडाला रुमाल बांधलाय!"

मी व्हॅन कशी नेली मला आठवत नाही. कप काढून बघितला. अगदी तसाच, काळपट, घट्ट, नाक धरायला लावणारा. वर टाकीत कोरल उघडायला लागले होते, सगळे नाही, पण निम्मे. त्या घाण वासात उभी राहून मला हसू आवरेना. डोळ्यांतही पाणी आलं, ते वासाने नव्हे.

दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टर बाहेर आले. कपात बघितलं, मान मागे घेतली. "हे चांगलं आहे?"

"एकदम चांगलं. जे कपात आलं, तेवढं माशांच्या पाण्यातून गेलं."

मग डॉक्टर आप्पांना म्हणाले, "बरं, मी इचलकरंजीला फोन करतो. उद्या येऊ नका म्हणून."

"काय करू नगंस," आप्पा म्हणाले. "म्या बुधवारीच सांगितलंय त्यास्नी."

"बुधवारी? बुधवारी तर कप कोरडा होता! आणि फेस आलाच नसता तर?"

"आला की न्हाय?" आप्पा म्हणाले आणि चिमूटभर खाणं टाकायला डबा उघडला.

डॉक्टर स्टुलाशेजारी एक खुर्ची ओढून पुढचा पेशंट येईपर्यंत बसले. मोठा स्किमर मी परत आणला आणि पुढे बेळगावातल्या एका मोठ्या टाकीला बसवला. तिथं तो छान चालतो.

धडा म्हणाल तर साधा आहे. स्किमर बॉक्सवरचा आकडा बघून घेऊ नये, टाकीतले मासे आणि त्यांचं खाणं बघून घ्यावा. आणि घ्यायच्या आधी, दिवसभर त्या टाकीसमोर जो बसतो, त्याला एकदा विचारावं.